आधी बोट, मग नट

गाडीची चावी थोरलीने आपल्या तेलकट डांगरीच्या खिशात टाकली, वरून खिशाची चेन ओढली आणि म्हणाली, "ही गाडी आज इथून हलणार नाही. बाबा, तुम्ही लावलेले नट चुकीचे आहेत."

झालं! या गॅरेजात आजवर असं कोणी बोललं नव्हतं. गिऱ्हाइकांनी वाद घातले होते, विम्याच्या साहेबाने आवाज चढवला होता, पण मिस्त्रींनी लावलेला नट चुकला म्हणायची छाती कोणाची झाली नव्हती. आणि म्हटलं कोणी? तर त्यांच्याच पोटच्या पोरीने, जिच्या हातात त्यांनी स्वतः पाना दिला होता.

मिस्त्री म्हणजे थोरलीचे बाबा. त्यांचं खरं नाव बँकेपुरतं उरलं होतं. सगळा रस्ता त्यांना मिस्त्रीच म्हणायचा. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि नाकही काही आखूड नव्हतं. मुलं तीन. थोरली गॅरेजात चाकांचं काम बघायची. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, आणि कोणी विषय काढलाच तर "आधी तुमच्या गाडीचे ब्रेक बघा" म्हणून त्याला वाटेला लावायची. मधला काउंटरवर बसायचा, फोन घ्यायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा. धाकटी या धंद्यात नव्हती. ती प्रयोगशाळेत लोकांच्या बोटांना सुया टोचून रक्त काढायची.

गाडी धाकटीची होती, आणि आज ती त्याच गाडीतून गाव सोडून जाणार होती. नवऱ्याशी फारकत झाल्यावर ती गॅरेजच्या वरच्या खोलीत येऊन राहिली होती. आता दूरच्या शहरात एका मोठ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. मधे डोंगरातला रस्ता, वळणामागून वळण, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. मागच्या सीटवर गादी, भांड्यांचं खोकं आणि उलटा ठेवलेला टेबलफॅन आधीच भरून झाला होता.

फारकतीच्या सबंध प्रकरणात मिस्त्री लेकीशी एक अवाक्षर बोलले नव्हते. डोक्यावरून हात फिरवणं, "होईल सगळं नीट" म्हणणं, हे त्यांना जमायचंच नाही. त्यांनी काय केलं, तर तिच्या जुनाट गाडीसाठी चकचकीत अलॉयची चाकं आणली आणि कोणाला हात लावू न देता स्वतः बसवली. चाकं बघून धाकटी ढसाढसा रडली. थोरलीलाही तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणून तर आज हे बोलणं तिला सोपं गेलं नव्हतं. चाकांत खोट काढायची म्हणजे बापाच्या मायेत खोट काढायची, हे न कळण्याएवढी ती दगड नव्हती. पण कळत होतं म्हणून गप्प बसायचं, हेही तिच्या रक्तात नव्हतं.

सकाळी पेट्रोल भरायला तिनेच गाडी नेली होती. वळताना खालून टक, टक असा बारीक आवाज. परत येऊन पाना लावला, तर नट ढिले. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नवी चाकं आहेत, बसायला वेळ घेतात," आणि सगळे नट पुन्हा आवळून मोकळे झाले. थोरलीचं समाधान होईना. त्यांची पाठ वळताच तिने एक नट काढून उजेडात धरला. नटाचं बूड गोल होतं.

आता तुम्ही म्हणाल, नट तो नट, त्यात बरोबर काय नि चूक काय? गाडीत मागे बसून झोपणाऱ्यांनाच असं म्हणायला परवडतं. अहो, नटाच्या दोन गोष्टी बघायच्या असतात. एक त्याचे आटे. आटे चुकले तर नट दोन फेरे जातो आणि अडतो. ती चूक निदान बोंब मारून सांगते. दुसरी त्याची बैठक, म्हणजे नटाचा जो भाग चाकाच्या भोकात टेकतो तो. काही चाकांची भोकं वाटीसारखी गोल असतात, काहींची नरसाळ्यासारखी निमुळती. आता गोल बुडाचा नट निमुळत्या भोकात घाला. तो जातो. घट्ट बसतो. पान्याला चांगला जोर लागतो. सगळं झकास! फक्त तो टेकलेला असतो केसाएवढ्या रेघेवर. गाडी पळते, चाक थरथरतं, रेघ झिजते, नट सुटायला लागतो. ही चूक बोंबबिंब काही मारत नाही. ती गुपचूप आपल्यासोबत प्रवासाला निघते आणि नेमकी वळणावर उतरते.

हे सगळं थोरलीला शिकवलं कोणी? मिस्त्रींनीच. ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं: "आधी बोट, मग नट, मग पाना." आधी भोकात बोट फिरवून बैठक ओळखायची. मग नट हाताने शेवटपर्यंत फिरवून आटे तपासायचे. पाना सगळ्यात शेवटी. "पान्याला अक्कल नसते," ते म्हणायचे, "तो चुकीचं पण तितक्याच जोरात आवळतो." या गॅरेजची पद्धतच ती. म्हणून तर इथे कुठला नट कधी टाकून दिला जात नसे. भिंतीलगत एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात सतराशे साठ गाड्यांचे नट पडलेले असायचे, आणि मिस्त्री त्यात हात घालून, बोटांनी चाचपून, हवा तो नट न बघता काढायचे. लोक उभे राहून बघायचे. मिस्त्रींनाही लोकांनी बघितलेलं आवडायचं.

आता ते हातातली हवेची नळी टाकून चालत आले. "काय म्हणालीस?"

"नट चुकीचे आहेत. चाकांची बैठक निमुळती आहे. तुम्ही गोल नट लावलेत."

"हाताने शेवटपर्यंत गेले की नाही? आटे बरोबर आहेत."

"आटे बरोबरच आहेत. मी बैठकीचं बोलतेय."

"मी ही कामं करत होतो तेव्हा तू रांगत होतीस!"

"रांगतच होते. म्हणून तर चाकाची भोकं तुमच्याआधी माझ्या नजरेला पडायची."

काउंटरवरून मधला खुदकन हसला आणि बापाने बघताच खोकला आल्याचं सोंग केलं. मधल्याचा स्वभावच तसा, दोन्ही डगरींवर हात. तो पुढे येऊन म्हणाला, "ताई, कशाला गं तमाशा? बाबांनी सकाळी आवळलेत ना परत? जाऊ दे ना तिला. उजेडात डोंगर उतरलेला बरा."

"तू आपला फोन बघ."

"पण चाकांबरोबर नटाचं पाकीट आलं होतं ना? त्यातले का नाही लावले?" त्याने आपलं शहाणपण पाजळलं.

मिस्त्री त्याच्यावर कडाडले. "ते आटे वेगळे आहेत, म्हणून! दोन फेऱ्यांत अडले. मी काय झोपेत काम करतो? पाकिटातले बसत नव्हते, गाडीचे जुने जाडे होते, या अलॉयच्या अरुंद भोकात पाना शिरेना. मग डब्यातले काढले. चकचकीत, टोपीवाले, तिच्या चाकांना शोभतील असे. एकेक निवडून काढलाय!"

हे मात्र खरं होतं. नट चाकांना शोभत होते, आणि एवढ्या सगळ्यात म्हाताऱ्याने लेकीच्या गाडीला काय शोभेल याचा विचार केला होता. थोरलीने त्या चकचकीत टोप्यांवरून नजर काढून घेतली.

धाकटी वरून जिना उतरत होती. खांद्यावर पर्स, ओठांना लाल रंग. कितीतरी दिवसांनी ती अशी नटली होती. खालचे आवाज ऐकून तिचा चेहरा पडला. "ताई, आज नको गं भांडूस. आजचा दिवस तरी."

"आजच. तू पोचल्यावर भांडून काय उपयोग? आणि पोचलीच नाहीस तर भांडू कोणाशी?"

"अगं, काय बोलतेस हे!" मधला म्हणाला.

मिस्त्रींनी हात पुढे केला. "चावी."

"नाही."

"चावी दे म्हणतो ना! नाही दिलीस तर उद्यापासून या गॅरेजात पाऊल टाकायचं नाही."

हे मात्र थोरलीला लागलं. खूप लागलं. तिचं सगळं आयुष्य या चार भिंतींच्या आत गेलं होतं. घर कुठलं नि गॅरेज कुठलं हे तिला वेगळं सांगता आलं नसतं. उद्यापासून सकाळी उठून जायचं तरी कुठे? पण तिचा हात खिशाकडे गेला नाही. "नाही टाकणार पाऊल उद्या," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, त्याचा तिला राग आला. "पण आज टाकलंय ना? आज ही गाडी माझ्या ताब्यात आहे. तुम्ही मला हाकलून द्या, मी जाईन. गाडी नाही जाणार."

"खाण तशी माती," मधला स्वतःशीच पुटपुटला.

"तुम्ही बोट घातलंच नव्हतं, बाबा." तिने आता मनातलं बाहेर काढलं. "वर्षभर बघतेय मी. तुम्ही नट घेता, आटे बघता, पाना लावता. बोट घालत नाही. मला शिकवलंत आणि स्वतःच विसरलात!"

"घातलं होतं!"

"नव्हतं!"

मिस्त्रींचा चेहरा लालेलाल झाला. "काढ चाक," ते म्हणाले. "काढ म्हणतो! सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. बोट घालून दाखवतो, आणि मग तुझं तोंड बघतो."

थोरली वाटच बघत होती. फुलीच्या पान्याने नट सैल केले, जॅक लावला, गाडीचा कोपरा वर घेतला, चाक उतरवलं आणि फरशीवर उताणं ठेवलं. एव्हाना शेजारचा काचवाला दारात येऊन उभा राहिला होता. भांडणाचा वास या माणसाला पेट्रोलच्या आधी येतो. मिस्त्री गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. बाह्या मागे सारल्या. सगळ्यांना दिसेल असं उजव्या हाताचं बोट वर केलं आणि भोकात घातलं.

फिरवलं. डोळे मिटून, सावकाश, पूर्वी फिरवायचे तसंच.

"गोल," ते म्हणाले. "वाटीसारखी गोल. विचार कोणालाही. माझ्या बोटांना डोळे आहेत."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना त्यांच्या भुवया वर जायच्या, ते तिला पाठ होतं. भुवया जागच्या जागी होत्या. त्यांना खरोखर गोल वाटत होती! आंधळ्यानेही सांगितलं असतं, अशी उतरती बैठक, आणि या माणसाला ती गोल वाटत होती.

त्यांनी बोट बाहेर काढलं आणि ते थोरलीच्या तोंडासमोर नाचवलं. "बोल आता! बोल ना!"

बोटावरून रक्त वाहत होतं. भोकाच्या आतल्या काठाला कारखान्यातली धार तशीच राहिली होती, तिने पेर चांगलंच कापलं होतं. रक्त तळव्यावर उतरलं, मनगटावर आलं, बाहीला लागलं, आणि मिस्त्री आपले बोट नाचवत होते.

"बाबा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता. प्रयोगशाळेत पेशंटशी बोलताना असेल तसा. ती खाली बसली आणि तिने त्यांचा हात धरला. "बाबा, दुखलं नाही तुम्हाला?"

मिस्त्रींनी हाताकडे बघितलं. मग आणखी एकदा बघितलं, दुसऱ्या कोणाचा हात चुकून आपल्याकडे आलाय अशा नजरेने. त्यांनी तो ओढून घ्यायला पाहिलं, पण धाकटी रोज घाबरलेल्या माणसांचे हात धरून ठेवते; ती कसली सोडतेय. तिने त्यांच्या दुसऱ्या बोटाच्या टोकात नख रुतवलं. "कळतंय?" शेजारच्या बोटात रुतवलं. "हे?" तिसऱ्यात. "इथे? बाबा, खरं सांगा."

मिस्त्रींनी बोटं मिटून घेतली आणि तोंड फिरवलं.

थोरलीच्या डोळ्यांपुढून सगळं भराभर गेलं. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला बाबा उघड्या हाताने उचलायचे, आणि मधला कौतुकाने गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या बाबांचा हात लोखंडाचा आहे." शर्टाची बटणं लावायला हल्ली त्यांना वेळ लागायचा. आणि डबा! डब्यातून नट काढताना ते आता वाकून, डोळ्यांनी शोधायचे. ही सगळी तिच्या समोरची गोष्ट, आणि तिला वाटलं काय, तर म्हातारा आळशी झाला, त्याला घमेंड चढली. तिला रडू आलं. जिंकल्याचा आनंद कुठे औषधालाही नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गेल्या थंडीपासून," मिस्त्री फरशीकडे बघत म्हणाले. "आधी वाटलं थंडीने असेल. साखर आहे ना अंगात, तिचे प्रताप. पकड आहे अजून. पाना सुटत नाही हातून. फक्त टोकांना कळत नाही."

"मग सांगायचं ना!"

"कशाला सांगू?" त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात आग. "म्हणजे तू मला बाहेर खुर्ची टाकून दिली असतीस. आल्यागेल्याला 'बसा, चहा घ्या' म्हणायला. बोटं गेली म्हणून मी गेलो नाही अजून!"

"गेला असतात तर माझ्याशी एवढं भांडला असतात का?" थोरली म्हणाली, आणि डांगरीच्या बाहीने नाक पुसलं.

काचवाला हळूच निघून गेला. त्यालाही तेवढी अक्कल होती. धाकटीने पर्समधून कापूस काढला, जखम दाबून धरली आणि पट्टी बांधली. मिस्त्रींनी बांधू दिली. मग ते तिच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाले, "ती तोंडाला लावायची कांडी आहे का जवळ?"

"लिपस्टिक?"

"हां, तीच. दे इकडे. बोटाला कळत नाही ना, मग डोळ्यांना विचारू."

त्यांनी डब्यातल्या गोल नटाच्या बुडाला लाल रंग फासला, जाडजूड, सगळीकडून. भोकात ठेवला, दाबला, फिरवला आणि उचलला. मग चष्मा कपाळावरून खाली ओढून भोकात बघितलं. आत एक बारीक लाल रेघ उमटली होती. केसाएवढी. बाकी सगळी बैठक कोरी.

त्या रेघेकडे ते बराच वेळ बघत राहिले. एवढ्याशा रेघेवर त्यांनी लेकीला डोंगरात पाठवायला काढलं होतं. हे कोणी त्यांना बोलून दाखवलं नाही, आणि बोलून दाखवायची गरजही नव्हती.

"बाकीची चाकं उतरव," ते थोरलीला म्हणाले. "आणि कोपऱ्यावरून नट घेऊन ये. नीट बघून आण, त्या दुकानदाराचं ऐकू नकोस. तो चकाकतं तेवढंच विकतो."

थोरलीने एका मुठीत डब्यातला नट घेतला आणि दुसऱ्या मुठीत पाकिटातला. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन्ही काउंटरवर आपटून म्हणाली, "याचे आटे आणि याची बैठक. आणि अंग बारीक हवं, अलॉयच्या भोकात पाना शिरला पाहिजे."

दुकानदाराने एक पाकीट पुढे सरकवलं. "हे घे, सगळ्या गाड्यांना चालतं."

"सगळ्यांना चालतं ते मला चालत नाही. खोके काढा."

"बापावर गेलीस अगदी!"

"गेलेच आहे. काढा खोके."

त्याने नाक मुरडत खोक्यांवर खोके काढले. धाकटीच्या गाडीला लागतो तसा एक सुटा स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आटेदार दांडा, थोरलीने गॅरेजातून खिशात घालून आणला होता. त्यावर ती एकेक नट फिरवून बघत होती आणि बुडावरून बोट फिरवत होती. हा जाडा, हा गोल, याच्या आट्यांना पोपडे. शेवटी एक मिळाला, काळा, साधा, शोभेच्या नावाने शून्य. स्टडवर लोण्यासारखा फिरला. बूड निमुळतं. तिने त्यातले हवे तेवढे निवडले. एकेक, प्रत्येक फिरवून.

परत आली तेव्हा चारही चाकं फरशीवर मांडलेली होती. मधल्याने उतरवली होती, शर्टाची इस्त्री मोडून. मिस्त्रींनी नव्या नटाला रंग फासला, दाबला, फिरवला, उचलला. भोकात लाल पट्टा उमटला होता, रुंद, सलग, गोल फिरून पुरा. त्यांनी मान हलवली आणि नट पुसून थोरलीला दिला.

"बोट," ते म्हणाले.

थोरलीने बोट घातलं. धारेचा काठ तिने आधीच कानशीने मोडून घेतला होता. "निमुळती. साफ."

"मग नट."

तिने चाक उचलून जागेवर चढवलं आणि नट हाताने शेवटपर्यंत फिरवला. "गेला."

"मग पाना," ते म्हणाले, आणि पाना त्यांनी स्वतः धरला. पट्टीवालं बोट बाहेर ठेवून, सगळं वजन टाकून, समोरासमोरचे नट जोडीने आवळत ते चाकाभोवती फिरले. चारही चाकांना असंच. थोरलीला लहानपण आठवलं, तेव्हा ती विचारायची आणि बाप बोट फिरवून सांगायचा. फक्त आता विचारणारे ते होते आणि सांगणारी ती.

धाकटीने हात पुढे केला. थोरलीने चेन उघडून चावी तिच्या हातावर ठेवली.

"अर्ध्या वाटेत थांबायचं," मिस्त्री फुलीचा पाना मागच्या डिकीत टाकत म्हणाले, "आणि एकदा सगळे नट आवळून बघायचे. दुसऱ्या कोणाला करायला सांगायचं नाही. स्वतः."

"येतं मला, बाबा."

"येतं तर मग रडतेस कशाला?" ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. जमलं म्हणायचं एकदाचं.

सगळं इथेच संपलं असतं तर मधल्याला फार बरं वाटलं असतं. पण मिस्त्री वळले ते थेट भिंतीजवळच्या डब्याकडे. तिथे उभे राहिले. डब्यात बघत राहिले.

थोरलीला कळलं ते काय मोजताहेत. तिच्याही मनात मघापासून तेच होतं, आणि ते तोंडातून काढायची तिची हिंमत होत नव्हती. गेल्या थंडीपासून. या डब्यातून. किती चाकं?

"बेकरीवाल्याची पांढरी व्हॅन," मिस्त्री म्हणाले. "मागचं डावं. शाळेतल्या बाईंची छोटी गाडी, पुढची दोन्ही. वाद्यं वाजवणाऱ्या त्या पोरांची जीप." त्यांना माणसांची नावं कधीच आठवायची नाहीत, चाकं सगळी आठवायची. "आणखी आहेत. फोन लाव."

"कोणाला?" मधला म्हणाला.

"सगळ्यांना."

मधल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, थोडा विचार करा. आपण होऊन सांगायचं? अजून कोणाची तक्रार नाही, काही नाही. एकेकाला गोड बोलून बोलवू, फुकट तपासणी म्हणू, गुपचूप बदलून देऊ. असा डांगोरा पिटला तर गॅरेजचं नाव मातीत जाईल!"

थोरलीने बापाकडे बघितलं. नाव म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. ती पुन्हा भांडायला कंबर कसून तयार झाली. चावी नव्हती आता, पण तोंड होतं.

"गुपचूप बोलावशील," मिस्त्री म्हणाले, "आणि तो ती गाडी चालवत इथवर येईल. त्याच नटांवर. वाटेत चाक गेलं तर? नाव जाऊ दे. चाक जाता कामा नये. आण तो फोन."

मधल्याने बेकरीचा फोन लावून दिला. मिस्त्रींनी तो दोन्ही तळव्यांत धरला, कानाला लावला. बाहेर धाकटीची गाडी सुरू झाली. ती काच खाली करून हात हलवत होती. थोरलीने हलवला, मधल्याने हलवला, आणि मिस्त्रींनी पट्टी बांधलेलं बोट तेवढं वर केलं, कारण पलीकडून फोन उचलला गेला होता.

"मी मिस्त्री बोलतोय," ते गरजले. "तुझी व्हॅन कुठे आहे? असेल तिथे उभी कर. मला कारणं सांगू नकोस! ब्रेड राहू दे, गिऱ्हाईक राहू दे, आत्ता उभी कर. आणि गाडी इकडे आणायची नाही, आम्ही येतोय तिकडे. नट चुकीचे लागलेत मागच्या चाकाला." ते थांबले. पलीकडचा काहीतरी विचारत होता. मिस्त्रींची मान ताठ झाली, नाक लाल झालं, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कोणी म्हणजे? मी लावले! चूक माझी आहे! एवढा ओरडून सांगतोय, तुला ऐकू येत नाही का?"

थोरलीने जॅक उचलला, दुसरा पाना घेतला आणि सामान चढवायला दारातल्या गॅरेजच्या टेम्पोची मागची फळी पाडली.